जनरल एकमेकांच्या उरावर बसले म्हणजे लोकशाही येते का?

खानापूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय. राज्यशास्त्रात एम.ए. करते, प्रबंधासाठी म्यानमार घेतलाय. तिचा प्रश्न असा: "सर, म्यानमारच्या लष्करी राजवटीत पहिल्यापासून गटबाजी होती. २००४ मध्ये तर पंतप्रधानालाच घरात कोंडलं. एवढी आपसात मारामारी असून सरकार पडलं कसं नाही? आणि त्यांच्यातला मवाळ गट वरचढ ठरला असता तर लोकशाही आली असती का?"

पोरी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे, म्हणून ते आधी देतो: नाही. पहिल्यासाठी जरा बैस.

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा. नोकरीतली काही वर्षं प्रतिनियुक्तीवर आसाम रायफल्समध्ये, मणिपूरच्या सीमेवर गेली. पुढे मुख्यालयात म्यानमारच्या लष्कराची फाइल माझ्या टेबलावर असायची. फाइल म्हणजे काय, तर कोण जनरल कुठे बदलून गेला, कोण कुणाचा व्याही, कुणाचा फोटो पेपरात दोन आठवडे दिसला नाही, असल्या बारीकसारीक गोष्टींचं गाठोडं. आता गणेशपूरला निवांत असतो. तेव्हा हे उत्तर पुस्तकातलं कमी आणि त्या टेबलावरचं जास्त आहे, हे धरून वाच.

तुझ्या प्रश्नातला 'मवाळ' हा शब्द मला खटकला. आपण शाळेपासून जहाल-मवाळ ऐकत आलो, त्यामुळे दोन गट दिसले की हे दोन शब्द चिकटवायची सवय लागलीय. टिळक-गोखल्यांचा वाद स्वराज्य कोणत्या वाटेने मिळवायचं यावर होता. यांगूनच्या जनरलांचा वाद त्या जातीचा नव्हताच. (टिळकांचा तुरुंग मंडालेच्या किल्ल्यात होता ना, त्याच तटबंदीच्या आत आज तिथल्या लष्कराच्या मध्य विभागाचं ठाणं आहे. विषयाशी याचा संबंध नाही, पण नकाशा बघताना मला दरवेळी आठवतं.)

तू खानापूरची, म्हणून भावकीचं उदाहरण देतो. चार भाऊ. बांधावरून कोर्टात दावे, लग्नकार्यात एकमेकांना निमंत्रण नाही, एकाच्या विहिरीचं पाणी दुसरा पीत नाही. १९७४ मध्ये कर्नाटकात कूळ कायद्याची दुरुस्ती आली, कसेल त्याची जमीन झाली, कुळांनी अर्ज भरायला सुरुवात केली. त्याबरोबर त्याच चार भावांनी मिळून एकच वकील लावला. आमच्या गावात हे मी डोळ्यांनी बघितलंय. कुळाला जमीन सोडायची की नाही, यावर त्यांच्यात कधी भांडण नव्हतंच. भांडण होतं ते वाटणीचं. म्यानमारच्या जनरलांचे बांध म्हणजे सीमेवरची नाकी, लाकडाचे आणि जेडचे परवाने, कुठल्या मुलखाची कमांड कुणाला, आणि थोरला गेल्यावर गादी कुणाची. लोकशाहीचा अर्ज घेऊन कूळ दारात आलं की सगळे एका ओट्यावर.

आता खिन न्युंट. तू ज्याला मवाळ म्हणतेस तो हाच. परदेशी वकिलातींना तो आवडायचा. मोजकं, नीट बोलायचा, पाहुण्यांना भेटायचा, १९८९ पासून वा, कोकांग अशा सशस्त्र गटांशी आणि १९९४ मध्ये काचिनांशी युद्धबंदी त्याने जुळवून आणली. २००३ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान झाल्या झाल्या त्याने लोकशाहीकडे जायचा सात टप्प्यांचा आराखडा जाहीर केला. झालं, जगाने ठरवलं की हा सुधारणावाला. पण १९८८ नंतर विद्यार्थी, भिक्खू, वकील यांनी इनसेन तुरुंग भरला तो याच माणसाच्या गुप्तवार्ता खात्याने. आणि खरी मेख पुढे आहे. १९ ऑक्टोबर २००४ ला त्याला पकडलं, प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त व्हायला 'परवानगी दिली' असं छापलं, तीन दिवसांत त्याचं राष्ट्रीय गुप्तवार्ता मंडळच मोडीत काढलं. मग त्याच्या आराखड्याचं काय झालं? काही नाही! तो जसाच्या तसा राबवला गेला. राष्ट्रीय परिषद बसली, २००८ मध्ये संविधान आलं, २०१० मध्ये निवडणूक झाली. कर्त्याला कोंडलं आणि कागद ठेवून घेतला. भांडण लोकशाहीच्या वाटेवर असतं तर पहिल्यांदा तो कागद फाटला असता.

मग भांडण कशाचं होतं? वर लष्करी परिषदेचा प्रमुख थान श्वे, त्याच्याखाली दोन हात. एक माउंग आय, पायदळाचा, लढाऊ कमांडरांचा म्होरक्या, पिन ऊ ल्विनच्या संरक्षण प्रबोधिनीच्या पहिल्या तुकडीचा. दुसरा खिन न्युंट, अधिकारी प्रशिक्षण शाळेतून आलेला, विभागीय कमांडर म्हणून कधी मुलूख न सांभाळलेला, पण सगळ्या मुलखातल्या सगळ्यांची कुंडली कपाटात असलेला. प्रबोधिनीवाले आणि प्रशिक्षण शाळावाले ही दरी तिथे जुनी. त्यात पायदळवाला आणि गुप्तवार्तावाला यांचं सख्य कुठल्याच फौजेत नसतं. आमच्याकडेसुद्धा मेसमध्ये गुप्तवार्तेचा माणूस शिरला की गप्पा एकदम पावसापाण्यावर यायच्या. फरक एवढाच, की आमच्या गुप्तवार्तावाल्याच्या हातात नाकं नव्हतं आणि त्यांच्या होतं. युद्धबंदी झाली की त्या मुलखातला व्यापार सुरू होतो, तो व्यापार ज्याच्या सहीने चालतो तो श्रीमंत होतो, आणि पलीकडच्या टेकडीवर बॅरेकीत तांदूळ मोजून शिजवणारा बटालियन कमांडर हे रोज बघत असतो. १९९७ च्या सुमारास तिथल्या पलटणींना आपापलं पोट आपापल्या मुलखातून भरायला सांगितलेलं होतं, हे त्यावर घाल. २००४ च्या सप्टेंबरमध्ये चीनच्या सीमेवरच्या म्यूझे नाक्यावर लष्कराने गुप्तवार्तेच्या माणसांवर भ्रष्टाचाराची धाड घातली, ती ठिणगी. त्याच महिन्यात खिन न्युंटच्या जवळचा परराष्ट्रमंत्री विन आंग गेला. पुढच्या महिन्यात तो स्वतः.

हे मी लांबून वाचलेलं नाही. तेव्हा मी मणिपूरच्या सीमेवरच्या मोरे गावी होतो. दोन नंबरच्या गेटातून पलीकडे गेलं की नाम्फालाँगचा बाजार, त्याच्या पुढे तामू. ठराविक दिवसांनी दोन्ही बाजूंचे अधिकारी बसायचे: चोरलेली मोटारसायकल, भरकटलेला गुराखी, अतिरेक्यांच्या तळाबद्दलची तक्रार. पलीकडून येणारा अधिकारी गुप्तवार्तेचा, इंग्रजी बरं बोलणारा, आमच्या सुभेदाराला नावाने हाक मारणारा. त्या ऑक्टोबरात एका बैठकीला तो आलाच नाही. त्याच्या जागी पायदळाचा एक मेजर, सोबत दुभाष्या, समोर कोरी वही. मी विचारलं, आधीचे साहेब कुठे आहेत? दुभाष्याने प्रश्न पुढे सांगितलाच नाही. चहा गार झाला. परतताना सुभेदार म्हणाला, "साहेब, घरमालक बदललाय, भाडेकरू नवे येणार." मी संध्याकाळी अहवालात जवळजवळ हेच वाक्य घातलं, जरा सभ्य भाषेत.

वरच्यांनी उलट विचारलं: राजवट डळमळीत झाली काय? मी लिहिलं, दिसत नाही. कारण त्याच महिन्याच्या शेवटी थान श्वे भारताच्या दौऱ्यावर आला. दिल्लीत सलामी घेतली, बोधगयेला जाऊन आला. स्वतःच्या पंतप्रधानाला कोंडून आठवडा होतो न होतो तोवर जो माणूस देश सोडून तीर्थयात्रेला जातो, त्याच्या खुर्चीखाली भूकंप नसतो. ही गोष्ट तुझ्या प्रबंधात पहिल्या प्रकरणात घाल. गट दिसले म्हणजे राजवट कमकुवत, असं समीकरण तिथे चालत नाही. थान श्वेने दोन हात मुद्दाम एकमेकांवर सोडले होते. एक जड झाला की दुसऱ्याच्या हातून छाटायचा. १९९७ च्या नोव्हेंबरात त्याने जुनी लष्करी परिषद बरखास्त करून १९ जणांची नवी केली, तिच्यात बारा विभागीय कमांडर घेतले, आणि जुन्या परिषदेतले पैसे करून बसलेले काही मंत्री घरी पाठवले. २००१ मध्ये पुन्हा तेच. फोडणी जळायच्या आत भांडं उतरवायचं.

आता तुझा मुख्य प्रश्न, सरकार पडलं का नाही. माझ्या मते सगळे अभ्यासक जिंकणाऱ्याकडे बघतात, आणि तिथेच चुकतात. हरणाऱ्याकडे बघ. हरल्यावर त्याचं काय होतं?

१९६२ मध्ये ने विनने सत्ता घेतली. त्याचा उजवा हात ब्रिगेडियर आंग जी, व्यापारउदीम पूर्ण सरकारी करू नये या मताचा. १९६३ च्या फेब्रुवारीत बाहेर. पुढे तुरुंगाच्या वाऱ्या. १९७६ मध्ये सरसेनापती तिन ऊ बडतर्फ. त्यानंतर काही तरुण अधिकाऱ्यांचा कट उघडकीला आला, तेव्हा 'माहिती असून सांगितली नाही' म्हणून याला सक्तमजुरी. १९८३ मध्ये गुप्तवार्ता प्रमुख ब्रिगेडियर तिन ऊ (हा वेगळा) याला जन्मठेप, आणि त्याच्याबरोबर त्याचं खातंच उधळलं. त्याची किंमत त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला दिसली: उत्तर कोरियाच्या हस्तकांनी रंगूनच्या (म्हणजे आताच्या यांगूनच्या) हुतात्मा स्मारकात दक्षिण कोरियाच्या पाहुण्यांवर बॉम्ब फोडला, २१ माणसं गेली, आणि सरकारला आधी कुणकुणसुद्धा लागलेली नव्हती. १९९२ मध्ये सॉ माउंग, जो त्या वेळी राष्ट्रप्रमुख, 'प्रकृतीमुळे' बाजूला. २००२ मध्ये खुद्द ने विनच्या जावयाला आणि तीन नातवांना कटाच्या आरोपाखाली पकडून मृत्युदंड सुनावला. तो अमलात आला नाही, पण म्हातारा ने विन त्याच डिसेंबरात नजरकैदेत मेला. २६ वर्षं ज्याने देश मुठीत ठेवला त्याला सरकारी इतमामसुद्धा मिळाला नाही, त्याच दिवशी उरकून टाकलं. आणि २००५ मध्ये खिन न्युंटला ४४ वर्षांची शिक्षा. ती नजरकैदेत काढायची, पण मुलांनाही लांबलचक शिक्षा.

(एक सूचना. तिन ऊ नावाचे तीन जनरल आहेत. बर्मी लोकांत आडनाव नसतं. तिसरा तिन ऊ लष्करी परिषदेचा दोन नंबरचा सचिव. १९९७ मध्ये त्याच्या घरी आलेल्या पार्सल बॉम्बने त्याची मुलगी गेली, आणि २००१ मध्ये तो स्वतः हेलिकॉप्टर अपघातात. आपल्याकडे एका गावात चार पाटील असतात तसं समज, आणि टिपणात प्रत्येकापुढे हुद्दा लिही. मी सुरुवातीला दोघांची सरमिसळ केली होती आणि वरिष्ठांनी फाइल परत फेकली होती.)

या यादीतून दोन गोष्टी निघतात. पहिली मजेशीर आहे. हरलेल्यांपैकी दोघे पुढे लोकशाहीवाले झाले. आंग जीने १९८८ मध्ये ने विनला खुली पत्रं लिहिली आणि त्या वर्षी स्थापन झालेल्या नॅशनल लीग फॉर डेमोक्रसीचा तो काही महिने अध्यक्ष होता. सरसेनापती तिन ऊ तर आंग सान स्यू कींच्या खांद्याला खांदा लावून शेवटपर्यंत त्या पक्षात राहिला. २०२४ मध्ये ९७ व्या वर्षी गेला. तेव्हा लष्करातून लोकशाहीवादी निघत नाहीत असं म्हणू नकोस. निघतात की, पण खुर्ची गेल्यावर. खुर्चीत असताना त्यांच्या हातात पलटणी होत्या तेव्हा त्यांना ते सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा पलटणी नव्हत्या.

दुसरी गोष्ट गंभीर. त्या फौजेतल्या प्रत्येक जनरलने आपल्या पुढच्याचं काय झालं ते बघितलंय. हरणं म्हणजे निवृत्तिवेतन आणि आंब्याची झाडं नव्हे. हरणं म्हणजे इनसेन, मुलांवर खटले, जप्ती. मग आपल्या माणसांपुढे हरायची एवढी भीती, तर ज्यांच्या पोरांना आपण तुरुंगात घातलं त्या लोकांपुढे निवडणुकीत हरायची किती असेल? गटबाजीमुळे लोकशाही जवळ येत नाही. अशी गटबाजी, जिच्यात हरणारा जिवानिशी किंवा इज्जतीनिशी जातो, ती लोकशाही लांब ढकलते.

उलटा पुरावा हवा, तर २०११ ते २०१५ बघ. थान श्वेने ने विनचा शेवट पाहिला होता. त्याला स्वतःचा तसा नको होता. म्हणून त्याने संविधानच असं बांधलं, की त्याच्यामागे कुणी एक माणूस त्याच्याएवढा होऊ नये. संसदेच्या ६६४ जागांपैकी १६६ गणवेशातल्या, सरसेनापतीने नेमलेल्या. महत्त्वाची कलमं बदलायला पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त मतं लागतात, म्हणजे एकगठ्ठा नकार लष्कराच्या खिशात. संरक्षण, गृह आणि सीमा ही तीन खाती सरसेनापतीच्या माणसांची. कलम ४४५ मध्ये आधीच्या लष्करी परिषदांतल्या कुणावरही खटला भरता येणार नाही, असं लिहून घेतलं. मग पदं वाटली. तीन नंबरचा श्वे मान राष्ट्राध्यक्ष होणार असं सगळे धरून चालले होते. त्याला सभापती केलं. राष्ट्राध्यक्ष केला सौम्य थेन सेन. फौज दिली त्या दोघांनाही कनिष्ठ असलेल्या मिन आंग लाइंगकडे. स्वतः आणि माउंग आय निवृत्त. वाडा, गाय, शेत तिघा भावांत असं वाटलं, की एकाला दुसऱ्याला घराबाहेर काढता येऊ नये. आणि म्हाताऱ्याला कुणी हात लावला नाही!

त्या चार वर्षांत म्यानमार बराच मोकळा झाला, वर्तमानपत्रं सुटली, राजकैदी सुटले. जनरल सुधारले म्हणून नव्हे. हरणं परवडणारं झालं म्हणून. थेन सेन आणि श्वे मान यांच्यात रस्सीखेच चांगलीच होती. २०१२ मध्ये संसदेने महाभियोगाचा बडगा उगारला तेव्हा घटनात्मक न्यायाधिकरणाचे सगळे न्यायाधीश राजीनामा देऊन गेले. त्या रस्सीखेचीतून संसदेला बळ आलं, हे मी मान्य करतो. पण मर्यादा बघ. २०१५ च्या जूनमध्ये पंचाहत्तर टक्क्यांची अट सत्तरवर आणायचा ठराव संसदेत आला, तो लष्करी खासदारांनी पाडला. श्वे मान तोवर स्यू कींच्या जवळ सरकला होता. ऑगस्टमध्ये एका रात्री राजधानी नेपिडॉतल्या, लष्कराच्या पाठिंब्याच्या सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयाला सुरक्षा दलांचा वेढा पडला आणि सकाळी श्वे मान पक्षाध्यक्ष नव्हता. बांध कोरला तोवर चाललं, कुळाच्या अर्जावर सही करायला निघाला आणि भाऊ उठले. तरीही लक्षात घे: त्याला तुरुंग झाला नाही. तो निवडणूक लढला, हरला, पुढे नवा पक्ष काढून बसला. आधीच्या पन्नास वर्षांत असा हरलेला माणूस तिथे दुर्मीळ.

मग २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, ही घडी का मोडली? बऱ्याच जणांनी मतदारयाद्यांतल्या घोळाच्या लष्करी आरोपावर पानं भरलीत. मी जन्मतारीख बघतो. मिन आंग लाइंग २०२१ च्या जुलैमध्ये ६५ पूर्ण करणार होता, म्हणजे निवृत्त. २०१७ मध्ये रोहिंग्यांवर जे केलं त्यावरून २०१९ मध्ये गांबियाने म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं होतं, अमेरिकेने त्याच्यावर व्यक्तिशः निर्बंध घातले होते. कलम ४४५ जुन्या परिषदांपुरतं. नव्या पापांना ते लागू नव्हतं. राष्ट्राध्यक्ष व्हायला मतं हवीत, तर २०२० च्या नोव्हेंबरात स्यू कींच्या पक्षाने पुन्हा मैदान मारलेलं. थान श्वेने स्वतःसाठी सुरक्षित घर बांधून ठेवलं होतं, याच्याकडे ते नव्हतं. १ फेब्रुवारीला त्याने संसद भरायच्या दिवशीच स्यू कींसह निवडून आलेल्या नेत्यांना उचललं.

त्यानंतर तर फौजेत फूट पडायला हवी होती, असं तू म्हणशील. आपल्या सीमाभागात फूट म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, दर निवडणुकीला एक नवी बघायला मिळते. पण सैन्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत: पळून जाणं आणि फुटणं. म्यानमारमध्ये २०२१ नंतर पळून गेलेले सैनिक पुष्कळ. सीमेवरच्या काही स्थानिक तुकड्या सोडल्या, तर नियमित फौजेची पलटण आणि तिचा कमांडर मिळून, हत्यारांसकट, ठरवून दुसऱ्या बाजूला गेलेत असं मात्र सहसा झालं नाही. सैनिकाचं कुटुंब छावणीत असतं, तो एकटा पळाला तरी मागे काय होईल ही धाकधूक. अख्ख्या पलटणीने ठरवायचं तर कुणीतरी एकाने दुसऱ्याच्या कानात सांगायला हवं, आणि ऐकणारा कुणाचा माणूस आहे हे कुणालाच माहीत नसतं. वरच्या फळीत तर उरलेले सगळे एकाच रक्तात हात बुडवलेले.

म्हणून तिथली भांडणं अजूनही जुन्याच पद्धतीने निकाली निघतात. २०२३ मध्ये व्यापाराची सूत्रं हातात असलेला लेफ्टनंट जनरल मो मिंट तुन, मिन आंग लाइंगचा लाडका, भ्रष्टाचाराखाली २० वर्षं आत गेला. २०२४ च्या जानेवारीत कोकांगमधल्या लाउक्काईत दोन हजारांहून जास्त सैनिकांसह सहा ब्रिगेडियरांनी शरणागती दिली. त्यांतल्या तिघांना लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिल्याच्या बातम्या आल्या. त्याच महिन्यात लष्कराच्या बाजूच्या एका भिक्खूने भर सभेत सांगितलं, की मिन आंग लाइंगने उतरावं आणि उपसेनापती सो विनने बसावं. टाळ्या पडल्या. पाश्चात्त्य पत्रकारांना पुन्हा 'फूट' दिसली. अगं, तो भिक्खू लढाई नीट करा म्हणत होता, थांबवा म्हणत नव्हता! हरतोय म्हणून जनरल बदला, ही मागणी आणि लोकांचं राज्य आणा, ही मागणी यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पाकिस्तानात १९७१ मध्ये ढाक्याच्या पराभवानंतर अधिकाऱ्यांनीच याह्याखानाला खाली खेचलं, तेव्हा समोर निवडून आलेला भुट्टो होता म्हणून सत्ता त्याच्याकडे गेली. सुदानमध्ये २०२३ च्या एप्रिलमध्ये लष्करप्रमुख बुऱ्हान आणि निमलष्करी दलाचा प्रमुख हेमेदती खरोखरच फुटले, आणि निघालं ते यादवी युद्ध.

फुटीतून मतपेटी निघाल्याचं एक स्वच्छ उदाहरण मी नेहमी सांगतो, चिलीचं. लष्करशहा पिनोचेला सत्तेवर ठेवायचं का, 'हो' की 'नाही', असं सार्वमत होतं. ५ ऑक्टोबर १९८८ च्या रात्री त्याच्याविरुद्ध कौल लागत होता आणि सरकार आकडे दाबून बसलं होतं. हवाई दलाचा प्रमुख माथेई, तोही सत्ताधारी मंडळाचा सदस्य, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर बैठकीला जाता जाता पत्रकारांना सांगून मोकळा झाला, की 'नाही'वाले जिंकलेत. आत पिनोचेने जादा अधिकार मागितले, ते द्यायला माथेईने नकार दिला. संपलं. पण त्याला ते जमलं कशामुळे? हवाई दल त्याचं स्वतःचं होतं, पायदळाच्या ताटाखालचं मांजर नव्हतं. मतदानाची तारीख आणि नियम त्यांच्याच १९८० च्या संविधानात लिहिलेले होते. आणि पिनोचेला हरूनही सेनापतिपद आणखी साडेनऊ वर्षं मिळणार होतं. म्हणजे हरणारा घरी जाणार, इनसेनला नव्हे. या तीनपैकी म्यानमारात काय आहे ते तूच तपास. तिथलं नौदल आणि हवाई दल पहिल्यापासून पायदळाच्या हाताखाली. न्याय हवा की सत्तांतर हवं, हा यातला कडू भाग आहे. मला त्याचं उत्तर देता आलेलं नाही, आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांना 'जनरलला घरी जाऊ द्या' असं मी इथे बसून सांगणार नाही.

राहिला कामाचा भाग, पुरावा कसा वाचायचा. सरकारी पेपर घे. न्यू लाइट ऑफ म्यानमार, २०१४ पासून त्याला ग्लोबल जोडलंय. अग्रलेख वाचू नकोस, वेळ जाईल. विमानतळावर निरोपाला कोण आलं, त्यांची नावं कोणत्या क्रमाने छापली, एवढंच बघ. आपल्याकडे जत्रेच्या पत्रिकेत कुणाचं नाव कोणत्या ओळीत यावरून तीन दिवस भांडण चालतं ना, तीच नजर लाव. नाव दोन ओळी खाली आलं तर टिपून ठेव. नाव गायब झालं तर तीन आठवडे थांब. २०२४ च्या एप्रिलमध्ये सो विन काही दिवस दिसला नाही, तर ड्रोन हल्ल्यात जखमी झाला, कटात सापडला, काय काय उठलं. पुढे दिसला. आजारी माणूस आणि पडलेला माणूस सुरुवातीला सारखेच दिसतात. तिसरं, बदल्या. जनरलला मंत्री केलं तर आपल्याला बढती वाटते. तिथे ते बहुतेकदा पलटणीपासून तोडणं असतं. चौथं, 'परवानगी दिली' हे शब्द. निवृत्त 'झाले' आणि निवृत्त व्हायला 'परवानगी दिली' यांत खिन न्युंटएवढा फरक आहे.

तुझ्या प्रबंधात 'जहाल गट' आणि 'मवाळ गट' अशी दोन प्रकरणं केलीस असं दिसतंय. ती मोड. त्याऐवजी एक तक्ता कर: १९६२ पासून हटवलेला प्रत्येक वरिष्ठ अधिकारी, हुद्दा, साल, छापलेलं कारण, आणि शेवटच्या रकान्यात तो त्यानंतर कुठे राहिला. तुरुंग, नजरकैद, परदेश, की स्वतःचं घर. खिन न्युंटसमोर दोन नोंदी येतील, कारण २०१२ मध्ये सुटल्यावर त्याने यांगूनमध्ये चित्रांचं दालन आणि कॉफीचं दुकान काढलं. आंग जीचाही केक-चहाचा धंदा होता, हा निव्वळ योगायोग. तक्ता झाला की पाठव, नावांची सरमिसळ झालीय का ते बघून देतो. रविवारी सकाळी अकरानंतर घरी असतो, येणार असशील तर मणिपूरच्या जुन्या वह्या काढून ठेवतो.